मालमोटारीच्या टायरचा आकार व अश्वशक्तीची परीक्षा

शेतमाल स्वतःच्या वाहनानें बाजारपेठेस नेणारे शेतकरी आतां थोडे राहिलेले नाहींत. ऊस, कांदा, द्राक्षें, भाजीपाला यांच्या वाहतुकीकरितां कोणी नवी, तर पुष्कळजण वापरलेली मालमोटार घेतात. व्यवहार चालला असतां विकणारा कधीं कधीं परीक्षेचा कागद पुढें ठेवतो व सांगतो कीं, ही गाडी शक्तिमापक यंत्रावर चढविली तेव्हां इतकी अश्वशक्ति भरली. दुसरा सांगतो, मोठे टायर बसविल्यापासून माझ्या गाडीची शक्ति वाढली. तिसरा शपथेवर सांगतो कीं, तेच टायर बसविल्यावर ती घटली. तिघांच्याहि बोलण्यांत थोडें तथ्य व पुष्कळ गोंधळ असतो. हा गोंधळ घेणाऱ्यास लाखों रुपयांस पडूं शकतो. म्हणून टायरच्या आकाराचा त्या कागदावरील आंकड्याशीं नेमका संबंध काय, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

अश्वशक्ति म्हणजे काय?

जेम्स वॅट यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वाफेच्या यंत्रांची तुलना घोड्यांच्या कामाशीं करतां यावी म्हणून हें माप ठरविलें. एका मिनिटांत ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतकें काम जें यंत्र करील, त्याची शक्ति एक अश्व. दशमान पद्धतींत एका सेकंदांत ७५ किलो वजन एक मीटर उचलणें म्हणजे एक अश्वशक्ति. या दोन मापांत शेकडा दीडहूनहि कमी अंतर आहे. पुढील हिशेब दशमान मापानें केले आहेत.

मोटेचें उदाहरण घ्यावें. समजा, १५० किलो पाण्यानें भरलेली मोट बैलजोडीनें ३० सेकंदांत १० मीटर वर ओढली. दीडशेंस दहानें गुणून तिसांनीं भागिलें असतां ५० येतात. म्हणजे दर सेकंदास ५० किलो वजन एक मीटर उचलण्याइतकें काम झालें. ही शक्ति एका अश्वाच्या दोन तृतीयांश झाली. मोट दुप्पट मोठी केली आणि बैल निम्म्या वेगानें चालले, तरी शक्ति तितकीच भरेल. यावरून ध्यानांत येईल कीं, नुसती ओढ म्हणजे शक्ति नव्हे व नुसता वेग म्हणजेहि शक्ति नव्हे. ओढ आणि वेग यांचा गुणाकार ती शक्ति. टायरच्या प्रश्नाची किल्ली या गुणाकारांत आहे.

शक्ति मोजण्याचें यंत्र

इंजिनाची शक्ति मोजण्याची जुनी रीत म्हणजे फिरत्या चाकास ब्रेकनें दाबून धरणें व त्या ब्रेकवर किती जोर पडतो तें तोलणें. फ्रान्समधील इंजिनिअर गास्पार द प्रोनी यानें असा ब्रेक १८२१ सालीं तयार केला. इंग्लंडांत विल्यम फ्रूड यानें १८७७ सालीं पाण्याच्या रोधावर चालणारें मापक बनविलें. अशा यंत्रांस डायनामोमीटर म्हणतात. इंजिनाचा दांडा सरळ मापकास जोडला म्हणजे मध्यें टायर येतच नाहीं.

परंतु उभ्या मालमोटारीचें इंजिन काढून परीक्षेस नेणें त्रासाचें व खर्चाचें असतें. म्हणून सबंध गाडीच पोलादी रुळांवर चढवितात. मागचीं चाकें रुळांवर टेकतात, गाडी पट्ट्यांनीं जखडून ठेवतात, आणि चालकानें वेग दिला कीं गाडी जागींच राहून चाकांखालचे रूळ फिरूं लागतात. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेंत वाहनांच्या परीक्षेकरितां अशीं यंत्रें आहेत.

या रुळांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यांत रुळास पाण्याचा किंवा विजेचा ब्रेक लावून वेग स्थिर ठेवतात व रुळाच्या पृष्ठावर पडणारी ओढ मोजतात. दुसऱ्यांत ब्रेक नसतो; रूळ फार जड असतो आणि गाडी त्यास किती त्वरेनें गति देते यावरून शक्तीचा हिशेब काढतात. हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा, कारण टायरचा परिणाम दोहोंत सारखा होत नाहीं.

मोठें चाक काय करतें?

विहिरीवरील रहाट सर्वांच्या पाहण्यांतला आहे. दोर ज्या लाकडाभोवतीं गुंडाळतो तें बारीक असेल तर घागर सावकाश वर येते, पण हाताला हलकी लागते. तेंच लाकूड जाड असेल तर घागर भराभर वर येते, पण हाताला जड लागते. फिरविणारा माणूस तोच. लाकूड जाड केल्यानें त्याच्या दंडांत बळ वाढत नाहीं वा घटत नाहीं. फक्त ओढ देऊन वेग घेतला जातो. मोटारीचें चाक म्हणजे असाच रहाट होय.

आतां आंकड्यांनीं पाहूं. समजा, एका मालमोटारीच्या मागच्या आंसावर १०० अश्वशक्ति येऊन पोंचते व आंस मिनिटास २०० फेरे घेतो. आंसाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचें अंतर, म्हणजे भार पडल्यावरची चाकाची त्रिज्या, ५० सेंटिमीटर आहे. या गाडीच्या टायरचा वेग सेकंदास १०.४७ मीटर, म्हणजे तासास सुमारें ३७.७ किलोमीटर होईल; आणि टायरच्या कडेस ओढ सुमारें ७१६ किलो मिळेल. दोहोंचा गुणाकार ७,५०० येतो. त्यास ७५ नीं भागिलें कीं बरोबर १०० अश्वशक्ति.

याच गाडीस त्रिज्या ५५ सेंटिमीटर भरेल असे टायर बसविले. इंजिन तेंच, गिअर तेच, आंसाचे फेरे तेच. वेग आतां सेकंदास ११.५२ मीटर, म्हणजे तासास ४१.५ किलोमीटर झाला. ओढ मात्र ६५१ किलोंवर उतरली. गुणाकार पुन्हां ७,५००, आणि शक्ति पुन्हां १००. तात्पर्य, टायर मोठा केल्यानें अश्वशक्ति वाढत नाहीं व घटत नाहीं. वेग शेकडा दहा वाढतो आणि ओढ त्याच प्रमाणांत कमी होते.

मग कागदावरचा आंकडा कां बदलतो?

येथें वाचक विचारतील कीं, शक्ति तीच असेल तर परीक्षेचे आंकडे वेगळे कां येतात? याचीं कारणें चार आहेत. त्यांतील पहिलें हिशेबाचें व उरलेलीं तीन यंत्रविद्येचीं आहेत.

पहिलें कारण, वेग चुकीच्या जागेवरून घेणें. रुळाचा स्वतःचा व्यास ठरलेला असतो. म्हणून रुळाच्या फेऱ्यांवरून काढलेला वेग टायर कोणताहि असला तरी बरोबर येतो. गाडीच्या आंतील वेगदर्शक मात्र सामान्यतः दांड्याचे फेरे मोजून वेग दाखवितो. टायर बदलला आहे हें त्यास कळत नाहीं. वरच्या उदाहरणांत ५५ सेंटिमीटरचा टायर बसविल्यावर खरा वेग ४१.५ असतांना तो ३७.७ च दाखवील. परीक्षा करणारानें रुळावरची ६५१ किलोंची ओढ घेतली व वेग मात्र गाडीच्या वेगदर्शकावरून घेतला, तर हिशेब ९१ अश्वशक्तीच्या आंतच येईल. नऊ अश्व केवळ कागदावर नाहींसे झाले! याउलट ४५ सेंटिमीटर त्रिज्येचे लहान टायर चढवून हाच चुकीचा हिशेब केला, तर ओढ सुमारें ७९६ किलो भरेल व कागदावर १११ अश्वशक्ति येईल. तेंच इंजिन एका कागदावर ९१ व दुसऱ्यावर १११ ठरतें. घेणाऱ्यानें सावध राहावें तें येथें.

इंजिनाची पीळ, म्हणजे दांडा फिरविण्याचा जोर, दाखविणारा आंकडा याहून नाजूक असतो. तो रुळावरच्या ओढीवरून काढावयाचा तर इंजिनाचे फेरे ठाऊक असावे लागतात. ते प्रत्यक्ष न मोजतां टायरचा आकार व गिअर यांवरून धरले असतील, आणि टायरचा आकार चुकीचा लिहिला असेल, तर अश्वशक्ति बरोबर येऊनहि पिळीचा आंकडा चुकेल.

दुसरें कारण, टायरचें वजन. जड रुळास गति देऊन शक्ति मोजावयाच्या प्रकारांत इंजिनास रुळाबरोबर स्वतःच्या चाकांसहि गति द्यावी लागते. टायरच्या कडेचें वजन जणूं रुळाच्याच वजनांत मिळविल्यासारखें होतें, पण हिशेबांत तें धरलेलें नसतें. म्हणून मोठा व जड टायर बसविला कीं या यंत्रावर आंकडा कांहींसा खालीं येतो. स्थिर वेगानें ब्रेक लावून मोजल्यास हा तोटा उरत नाहीं, कारण तेथें कोणत्याहि चाकाचा वेग वाढत नसतो.

तिसरें कारण, टायरचें चेपणें. सपाट रस्त्यावर टायर जेवढा चेपतो, त्याहून गोल रुळावर तो अधिक वांकतो. रूळ जितका लहान तितकें वांकणें अधिक. रबर वांकतें व सरळ होतें, त्यांत शक्ति खर्च होऊन टायर तापतो. हवा कमी असेल किंवा गाडी पट्ट्यांनीं फार आंवळली असेल तर हा तोटा वाढतो. टायर तोच ठेवून नुसती हवा बदलली तरी आंकडा हलतो.

चौथें कारण, घसरणें. टायर रुळावर घसरला तर टायरचे फेरे अधिक व रुळाचे फेरे कमी होतात. शेकडा पांच घसर झाली तर टायरपर्यंत आलेल्या शक्तीचा शेकडा पांचवा हिस्सा रुळापर्यंत न पोंचतां उष्णतेंत जातो. गुळगुळीत झालेले टायर, ओला रूळ, रिकामी व हलकी गाडी, हीं याचीं नेहमींचीं कारणें.

याशिवाय एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कंपनीच्या पत्रकांत लिहिलेली अश्वशक्ति इंजिनाच्या दांड्यावरची असते. रुळावर मिळते ती गिअर, आंस व टायर यांतून गाळून आलेली असते. वाटेंत शेकडा दहापासून वीसपर्यंत तोटा होणें ही सामान्य गोष्ट आहे. म्हणून रुळावरचा आंकडा पत्रकाहून कमी दिसला, तेवढ्यावरून इंजिन बिघडलें असें समजूं नये. आणि तो पत्रकाहून जास्त दिसला, तर आनंद मानण्यापूर्वीं हिशेब तपासावा.

रस्त्यावरचा परिणाम

टायरवर आकार लिहिलेला असतो, तो वाचावयास शिकणें सोपें आहे. आपल्याकडे मालमोटारींवर फार दिवसांपासून चालत आलेला ९.००-२० हा आकार घ्या. यांतील पहिला आंकडा टायरच्या रुंदीचा व दुसरा आंतील लोखंडी रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. रिम तोच ठेवून १०.००-२० चा टायर घेतला तर रुंदीबरोबर उंचीहि वाढते. पहिल्याचा बाहेरचा व्यास सुमारें १०२ सेंटिमीटर व दुसऱ्याचा सुमारें साडेएकशेंपांच सेंटिमीटर असतो; अर्थात् शेकडा तीनहून अधिक फरक. टायर झिजला तरी त्रिज्या घटते. पन्नास सेंटिमीटर त्रिज्येच्या टायरची एक सेंटिमीटर जाडी झिजली तर शेकडा दोनांचा फरक पडतो.

आपल्या प्रांतांत घाट पुष्कळ, म्हणून ओढ घटण्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. समजा, भरलेल्या गाडीचें एकंदर वजन ११,००० किलो आहे व चढ वीस मीटरांस एक मीटर आहे. चढाकरितां सुमारें ५५० किलो ओढ लागेल, रस्त्याचा रोध वजनाच्या शेकडा एक धरला तर आणखी ११०, एकूण ६६०. मागील उदाहरणांतील ५० सेंटिमीटरच्या टायरवर ७१६ किलो ओढ होती, म्हणजे गाडी त्याच गिअरमध्यें चढेल. ५५ सेंटिमीटरच्या टायरवर ती ६५१ झाली, म्हणजे नऊ किलोंनीं कमी पडली. चालकास खालचा गिअर घ्यावाच लागेल. गाडीची शक्ति गेली असें त्यास वाटतें. वास्तविक शक्ति गेली नसून ती वेगाच्या रूपांत आहे, आणि चढावर त्या वेगाचा उपयोग नाहीं. उतारावर गाडी थांबवितांना हाच हिशेब उलट लागतो: मोठ्या चाकास थांबविण्याकरितां त्याच ब्रेकांस अधिक जोर करावा लागतो.

डिझेलच्या हिशेबांतहि अशीच फसगत होते. मोठ्या टायरच्या गाडीनें खरें अंतर ११० किलोमीटर तोडलें, तरी अंतरदर्शक १०० च दाखवितो. २५ लिटर डिझेल लागलें असेल तर मालक लिटरमागें चार किलोमीटर धरतो. खरें मान ४.४ असतें. तसेंच अंतरदर्शकावर एक लाख किलोमीटर दिसणारी वापरलेली गाडी, मूळच्याहून शेकडा दहा मोठ्या टायरवर चालली असेल तर, एक लाख दहा हजार किलोमीटर झिजलेली असते.

ट्रॅक्टरची परीक्षा निराळी

ट्रॅक्टर घेणाऱ्यांसहि हा विचार उपयोगी आहे. मात्र त्याच्या परीक्षेची पद्धत निराळी असून तिचा उगम शेतकऱ्यांच्याच तक्रारींत आहे. अमेरिकेंतील नेब्रास्का राज्यांत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ट्रॅक्टरांच्या जाहिराती फार व शक्ति थोडी, असा अनुभव येऊं लागला. विल्मट क्रोझियर हा शेतकरी स्वतः अशा खरेदींत पोळला होता. तो राज्याच्या विधिमंडळांत होता, व सिनेटर चार्ल्स वॉर्नर यांच्या साहाय्यानें त्यानें १९१९ सालीं कायदा करविला कीं, परीक्षा झाल्याखेरीज ट्रॅक्टरचा कोणताहि नमुना राज्यांत विकूं नये. १९२० पासून लिंकन येथील विद्यापीठांत परीक्षा सुरू झाल्या. पहिल्या क्रमांकाची परीक्षा वॉटर्लू बॉय या ट्रॅक्टरची झाली. त्याची शक्ति १२-२५ अशी लिहीत. पहिला आंकडा मागें जोडलेलें अवजार ओढण्याचा व दुसरा पट्ट्यावर यंत्र चालविण्याचा. एकाच ट्रॅक्टरच्या दोन शक्ति त्या काळीं उघडपणें लिहीत, ही गोष्ट आजहि ध्यानांत घेण्यासारखी आहे.

आतां पट्ट्याच्या जागीं मागील फिरता दांडा, ज्यास पी.टी.ओ. म्हणतात, तो मापकास जोडतात. येथें टायरचा कांहींच संबंध नाहीं. म्हणून दोन ट्रॅक्टरांची तुलना करण्यास हा आंकडा सर्वांत विश्वासाचा. ओढण्याची परीक्षा मात्र टायरवरच चालते. सिमेंटच्या किंवा डांबरी पक्क्या मार्गावर ट्रॅक्टरच्या मागें भार जोडून ओढ व वेग मोजतात, आणि चाकांची घसर शेकडा पंधराहून जास्त होऊं देत नाहींत. येथें टायरची रुंदी, हवा व ट्रॅक्टरवरील वजन यांचा परिणाम आंकड्यांत स्पष्ट दिसतो. शेतांतील मऊ मातींत तो आणखी मोठा असतो. तेथें मोठा टायर जमिनीस अधिक जागा धरतो, कमी रुततो व कमी घसरतो. म्हणून इंजिन तेंच असतां नांगरापर्यंत अधिक शक्ति पोंचते. रुळावर मोठ्या टायरचा लाभ नाहीं, पण वावरांत आहे, तो या कारणानें. मध्य प्रदेशांत बुदनी येथें केंद्र सरकारची कृषियंत्रांचें प्रशिक्षण व परीक्षण करणारी संस्था आहे. तिच्या ट्रॅक्टर-परीक्षेच्या अहवालांत पी.टी.ओ. ची व ओढण्याची शक्ति निरनिराळी दिलेली असते. खरेदीपूर्वीं दुकानदाराकडून तो अहवाल मागून घ्यावा.

कागद पाहतांना विचारावयाचे प्रश्न

मालमोटारीच्या परीक्षेचा कागद हातीं आला असतां पुढील गोष्टी विचाराव्या:

१. परीक्षेच्या वेळीं गाडीवर कोणत्या आकाराचे टायर होते? आज तेच आहेत काय? कंपनीनें सांगितलेला आकार कोणता?

२. वेग रुळावरून घेतला, कीं गाडीच्या वेगदर्शकावरून? इंजिनाचे फेरे प्रत्यक्ष मोजले काय?

३. यंत्र ब्रेकचें होतें, कीं जड रुळास गति देण्याचें?

४. टायरमधील हवा किती होती, व परीक्षा कोणत्या गिअरमध्यें झाली?

५. लिहिलेला आंकडा रुळावर मिळालेला आहे, कीं तोटा अंदाजानें मिळवून इंजिनाचा म्हणून लिहिला आहे?

दोन गाड्यांची तुलना करावयाची तर दोन्ही एकाच यंत्रावर, एकाच दिवशीं, आपापल्या मूळ आकाराच्या टायरांवर व योग्य हवेनिशीं चढवाव्या. निरनिराळ्या गांवच्या दोन कागदांची तुलना म्हणजे दोन निरनिराळ्या पायल्यांनीं मापलेल्या धान्याची तुलना होय. ज्यास गाडीस मोठे टायर बसवावयाचे असतील त्यानें आपलें काम कोणतें तें आधीं पाहावें. सपाट रस्त्यावर लांबचा पल्ला व हलका माल असेल तर वाढलेला वेग कामास येईल; घाट, शेतवाटा व जड माल असेल तर घटलेली ओढ रोज आडवी येईल. अश्वशक्ति इंजिनांत उत्पन्न होते. टायर ती वाढवूं शकत नाहीं, वाहून नेतो व वाटेंत थोडी खातो. हें ज्यास उमगलें, त्यास कागदावरच्या आंकड्यानें कोणी सहसा फसवूं शकणार नाहीं.